गळ आणि सर्फबोर्ड एकाच पुळणीवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांना आणि लाटांवर सर्फिंग करणाऱ्यांना एकमेकांविषयी जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी दोन्ही करतो, त्यामुळे दोन्हीकडची चिडचिड मला ठाऊक आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक भांडणांच्या मुळाशी गरज नसताना लांब फेकलेला गळ असतो. तसे का वाटते, ते पुढच्या उत्तरांत येईलच.

एवढा लांबलचक किनारा मोकळा असताना दोघेही नेमके एकाच ठिकाणी का येतात?

कारण दोघेही पाण्याखालची तीच वाळू वाचत असतात. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपट खोली उरली की लाट फुटते. म्हणजे एक मीटरची लाट सुमारे 1.3 मीटर पाण्यात कोसळते. किनाऱ्यापासून थोडे आत वाळूचा उंचवटा, म्हणजे दांडा तयार झालेला असतो. त्याच्यावर पाणी उथळ असल्याने लाट तिथे फुटते आणि सर्फरला तीच हवी असते.

दांड्यावरून आत आलेले पाणी किनारा आणि दांडा यांच्यामधल्या घळीत साचते, किनाऱ्याला समांतर वाहत जाते आणि दांड्यात जिथे खिंड असेल तिथून जोराने समुद्रात परत जाते. हाच रिप करंट. लाटांनी उकरलेले खेकडे, किडे, शिंपले या घळीत वाहून येतात आणि त्यांच्यामागे मासे येतात. गळ टाकणाऱ्याला म्हणून घळ आणि खिंड हवी असते. आता गंमत बघा: सर्फरलाही आत जायला खिंडच सोयीची, कारण तिथे लाटा फुटत नाहीत आणि प्रवाह आपणहून बाहेर नेतो. दांडा सर्फरचा, घळ गळवाल्याची, एवढी वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे. खरा वाद उरतो तो खिंडीचा.

मग गळ किती लांब टाकावा?

मासा जिथे असेल तिथवर. हे उत्तर फार साधे वाटेल, पण ते पाळणारे कमी. घळ अनेकदा पाण्याच्या कडेपासून 15 ते 40 मीटरांवर असते. नवशिका मात्र गुडघाभर पाण्यात उतरतो, माशांना मागे टाकतो आणि त्यांच्या डोक्यावरून 80 मीटर लांब दांड्यावर शिसे, म्हणजे दोऱ्याला बांधलेले वजन, पोचवतो. तिथे मासे कमी आणि सर्फर जास्त. फेसाची पहिली रांग संपते तिथे, थोड्या गडद पाण्यात, आधी टाकून बघा. अर्धा तास काही लागले नाही तर पुढचा विचार करा.

याला अपवाद आहे तो अगदी सपाट, हळूहळू उतरणाऱ्या किनाऱ्यांचा. तिथे घळ खूप आत असते आणि लांब टाकण्यावाचून इलाज नसतो. अशा ठिकाणी सर्फर पाण्यात असताना मी गळ काढतच नाही.

घळ आणि खिंड ओळखायची कशी?

उधाणाच्या ओहोटीला या, रॉड घरी ठेवा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत खाली जाते आणि एरवी न दिसणारे दांडे, खळगे उघडे पडतात. किनाऱ्यावरच्या खुणा धरून जागा लक्षात ठेवा किंवा फोटो काढा. पाणी चढलेले असेल तर उंचावर उभे राहून दहा मिनिटे नुसते बघा: पांढरा फेस दिसतो तिथे दांडा, फेसाच्या दोन पट्ट्यांमध्ये गडद, गढूळ, समुद्राकडे ओढ असलेली पट्टी दिसते तिथे खिंड. मोठ्या वादळानंतर हे सगळे बदलते, तेव्हा जुन्या फोटोवर विसंबू नका.

सर्फरपासून किती अंतर ठेवावे?

काही ठिकाणी नियमांनी अंतर ठरवलेले असते. तिथे तेच पाळायचे. जिथे नियम नाही तिथे माझा हिशेब असा: जितका लांब टाकणार तितकी जागा दोन्ही बाजूंना मोकळी हवी. 30 मीटर टाकायचे तर डावीउजवीकडे 30 मीटर, 80 टाकायचे तर 80.

हे जास्त वाटेल. पण अंतर आपण चांगल्या फेकीवरून मोजतो आणि अपघात वाईट फेकीत होतो. उजव्या हाताने बाजूने फिरवून टाकणाऱ्याचा दोरा लवकर सुटला तर शिसे उजवीकडे जाते, उशिरा सुटला तर डावीकडे. त्यात किनाऱ्याला समांतर वाहणारे पाणी शिशाला ओढत नेते आणि त्याच पाण्यात बसलेला सर्फरही नकळत सरकत असतो. पंधरा मिनिटांपूर्वी पन्नास मीटरांवर असलेला माणूस तुमच्या दोऱ्यासमोर आलेला असतो आणि ते त्याच्या लक्षातही आलेले नसते.

आणि हे ठाम लिहून ठेवतो: पाण्यातल्या माणसाच्या दिशेने गळ फेकणे कोणत्याही कारणाने माफ नाही. तो तुमच्या जागेत घुसला असेल, उद्धट बोलला असेल, तरी नाही. दीडशे ग्रॅम शिसे डोक्याला लागले तर माणूस जागच्या जागी बेशुद्ध होईल, आणि तोही पाण्यात.

माझा दोरा तर पाण्याखाली असतो. तो सर्फरला अडकेल कसा?

हा समज सर्वांत धोक्याचा, म्हणून आकडे मांडतो. समजा रॉडचे टोक पाण्याच्या पातळीपासून साडेतीन मीटर उंच आहे आणि शिसे 80 मीटरांवर, दीड मीटर खोल तळाला टेकले आहे. ताणलेला दोरा 80 मीटरांत पाच मीटर उतरतो. म्हणजे पहिले 56 मीटर तो पाण्याच्या वर, हवेत आहे! 32 मीटरांवर तो पाण्यापासून दीड मीटर उंच असतो, बोर्डवर उभ्या माणसाच्या गळ्याइतका. 45 ते 50 मीटरांच्या दरम्यान तो बोर्डवर पालथे पडून हात मारणाऱ्याच्या तोंडासमोर येतो. प्रत्यक्षात दोऱ्याला थोडा झोळ पडतो, त्यामुळे आकडे जरा अलीकडे सरकतात, पण चित्र तेच राहते.

उपाय सोपा आहे. कोणी ओलांडताना दिसले की रॉडचे टोक खाली करा आणि दोरा सैल सोडा. टोक एक मीटरवर आणले तर तोच दोरा 32 मीटरांवरच पाण्यात शिरतो आणि सैल सोडला तर त्याहून बराच अलीकडे. नेहमीच्या बोर्डच्या तळाचे पंख पाण्यात 11-12 सेंटीमीटर असतात, लांब बोर्डचा मधला पंख 20-25. तळाशी पडलेल्या दोऱ्यापर्यंत ते पोचत नाहीत.

मात्र दोरा बुडणारा हवा. नायलॉनचा तंगूस पाण्यापेक्षा जड असतो, सावकाश का होईना बुडतो. विणलेला ब्रेड दोरा पाण्याहून हलका असतो, तो तरंगतो. शिवाय बारीक असल्याने दिसत नाही आणि ताण आला की कातडी कापतो. एकट्या किनाऱ्यावर ब्रेड खुशाल वापरा. सर्फर असतील तर पिवळा किंवा नारिंगी, लांबून दिसणारा तंगूस भरा.

सर्फर येताना दिसला की पटकन गुंडाळून घेतले तर?

वेळ पुरत नाही. रीलच्या एका फेऱ्यात साधारण 80-90 सेंटीमीटर दोरा येतो. 80 मीटरांना नव्वदच्या वर फेरे, म्हणजे चांगले मिनिटभर. दीड मीटर पाण्यातली लाट सेकंदाला जवळजवळ चार मीटर धावते, तिच्यावरचा माणूस 50 मीटर 12-13 सेकंदांत कापतो आणि तो तिरका जात असेल तर त्याहूनही वेगाने. शिवाय गुंडाळताना दोरा ताणला जातो आणि नेमका वर उचलला जातो. टोक खाली, दोरा सैल. हाताला हीच सवय लावून घ्या.

शिसे आणि बाकी सामानाबद्दल काय पाहावे?

फेकताना दोरा तुटून शिसे सुटणे हा पुळणीवरचा सर्वांत वाईट अपघात. म्हणून मुख्य दोऱ्याच्या पुढे जाड दोऱ्याचा शॉक लीडर हवाच. ढोबळ नियम असा की शिशाच्या दर 28 ग्रॅममागे 10 पौंड ताकद. 140 ग्रॅमला 50 पौंडांचा लीडर. लांबी रॉडच्या दुप्पट आणि वर रीलवर चारपाच वेढे बसतील इतकी. गाठ प्रत्येक वेळी बोटाने तपासा, वाळूने घासलेला दोरा कापून टाका. प्रवाह ओढत असेल तर तारा असलेले शिसे वापरा, ते वाळूत रुतून बसते आणि शेजाऱ्याकडे सरकत नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायची सवय मी लावून घेतली आहे. मासे थोडे जास्त सुटतात हे खरे. पण तो गळ माणसाच्या तळपायातूनही सहज सुटतो.

वेळ वाटून घेता येते का?

येते, आणि दोघांच्या पथ्यावर पडते. सर्फरला जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा हलका वारा आवडतो, त्याने लाटेचा चेहरा स्वच्छ राहतो. अनेक मासे मात्र समुद्राकडून वारा येऊन पाणी थोडे ढवळले, गढुळले की कडेला येऊन चरतात. म्हणजे सर्फर कंटाळून बाहेर पडतो त्या वेळी गळवाल्याचा दिवस सुरू होतो. अंधारात कित्येक मासे उथळ पाण्यात येतात आणि रात्री सर्फर जवळपास नसतातच. माझे सर्वांत चांगले मासे सूर्य मावळल्यानंतरच्या दोन तासांत लागले आहेत, तेही 25 मीटरांच्या आत.

भरतीचाही हिशेब धरा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, त्यामुळे वेळ रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते. दांड्यावर लाटा ठरावीक पाण्यातच नीट फुटतात. भरती पूर्ण चढली की पुष्कळ दांडे बुडतात, लाट लुळी पडते, सर्फर बाहेर येतात. त्याच वेळी किनाऱ्यालगतची घळ खोल होते आणि मासे अगदी पायाशी येतात. कुठला दांडा कधी मरतो हे तिथल्या सर्फरला विचारा. तो आनंदाने सांगेल, कारण त्या उत्तरात त्याचाही फायदा आहे.

पहाट मात्र दोघांनाही हवी असते. त्यावर माझ्याकडे युक्ती नाही, बोलून घ्यावे लागते.

आधी कोणाचा हक्क?

समुद्र बहुतेक ठिकाणी सार्वजनिक असतो आणि आधी आलेल्याचा मान ठेवणे हा दोन्हीकडचा अलिखित रिवाज. रॉड रोवलेले असतील तर नंतर आलेल्या सर्फरने समोर जाऊन बसू नये. सर्फर आधीपासून लाटा पकडत असतील तर त्यांच्यामध्ये शिसे टाकू नये. इथवर सरळ आहे.

अवघड होते ते किनाऱ्यावर लाट फुटणारा दांडा एकच असतो तेव्हा. अशा वेळी मी आधी आलेलो असलो तरी सरकतो. घळ लांब असते, शंभर पावले चालले तर तीच घळ पुढेही मिळते. लाट तिथून हलत नाही. सगळ्या गळवाल्यांना हे पटत नाही, ठाऊक आहे. पण उलटही तितकेच खरे: चार दांड्यांवर लाट सारखीच फुटत असताना मुद्दाम रॉडसमोरची निवडणारा सर्फर चुकीचाच.

मी सर्फर आहे. माझ्याकडून काय अपेक्षा आहे?

पाण्यात उतरण्याआधी किनारा नजरेने झाडून घ्या. रॉड पाण्यात उभे असोत वा स्टँडवर, मोजा. चालताना रॉडच्या मागून जा. प्रवाह कुठे ओढतो ते बघा आणि रॉडच्या अशा बाजूला उतरा की वाहत त्यांच्यासमोर येणार नाही. खिंडीतून आत जायचे असेल आणि तिथे कोणी गळ टाकत असेल तर आधी जाऊन विचारा: "दोरा कुठवर आहे?" या तीन शब्दांनी जितकी भांडणे टळली आहेत, तितकी कुठल्याही पाटीने टळलेली मी पाहिली नाहीत. आत बसल्यावर किनाऱ्यावरची एक खूण धरून दर थोड्या वेळाने जागा तपासा. शिकाऊ मुलांना घेऊन आला असाल तर रॉडपासून खूप लांब जा. त्यांना बोर्ड वळवता येत नाही आणि पाण्यात पडताना कुठेही पडतात.

दोरा अंगात किंवा लीशमध्ये (बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीत) अडकलाच तर?

माझ्या दोऱ्यात एकदा एक शिकाऊ मुलगी अडकली होती. लीशला दोन वेढे बसले, घाबरून मी गुंडाळू लागलो आणि तिचा पाय ओढला गेला. चूक पूर्ण माझी. त्या दिवसापासून क्रम पाठ आहे.

गळ टाकणाऱ्याने रीलवरची दोरा अडवणारी तारेची कमान ताबडतोब उघडून दोरा मोकळा सोडावा. ओढू नये, गुंडाळू नये. रॉडजवळ लगेच कापूही नये, कारण मग शिसे, गळ आणि पन्नास मीटर दोरा त्या माणसाच्या अंगावरच राहतो आणि तो आणखी गुंततो. ताण सुटला की सर्फरने बोर्ड धरून ठेवावा, हात मारणे थांबवावे आणि दोरा हाताने काढावा. हाताला गुंडाळून मात्र ओढू नये. पायात गच्च बसला असेल तर लीशची पट्टी सोडून पाय मोकळा करता येतो, पण मग बोर्ड हातातून जाऊ देऊ नका. निघत नसेल तर सैल दोऱ्यासह सावकाश किनाऱ्याकडे यावे. गळवाल्याने कात्री घेऊन गुडघाभर पाण्यापर्यंत सामोरे जावे. कात्री खिशात हवी, लांब ठेवलेल्या पेटीत नको. बोलाचाली करायची तर सगळे वाळूवर आल्यावर.

गळ रुतला तर?

डोळ्याजवळ, मानेत, सांध्यात किंवा खोल गेला असेल तर हात लावू नका. दोरा कापा, गळ हलणार नाही असा झाका आणि डॉक्टरकडे न्या. बोटात किंवा पायात वरवर रुतला असेल आणि काटा दाबलेला असेल तर आला त्या वाटेने परत निघतो. जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवा. वाळूत दडून बसणाऱ्या विषारी काट्यांच्या माशावर किंवा पाकटावर पाय पडला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवल्याने वेदना उतरते. पाणी 45 अंशांवर नेऊ नका, भाजेल. आणि नंतर डॉक्टरला दाखवाच.

सर्फरमुळे मासे पळून जातात का?

फुटत्या लाटांच्या गडगडाटात राहणारे मासे एखाद्या बोर्डाने फारसे बिचकत नाहीत. शांत, नितळ, उथळ पाण्यात बिचकतात. पण तसल्या पाण्यात सर्फरला काय काम?

आमिषामुळे शार्क किनाऱ्याजवळ येतात का?

गळाला लावलेला एक तुकडा आणि पाण्यात ओतलेले रक्त-मांस यांत फरक आहे. वास पसरवून मासे बोलावण्यासाठी चारा ओतणे, याला चमिंग म्हणतात, ते पोहणारे किंवा सर्फर असताना कधीही करू नये. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने 1 जुलै 2019 पासून पुळणीवरून मासेमारी करताना चमिंगवर बंदीच घातली. तुमच्याकडे कायदा असो वा नसो, मासे साफ करून आतडी लाटांत फेकू नका. शार्कसाठीच मुद्दाम गळ लावायचा असेल तर माणसे असलेला किनारा त्यासाठी नाही.

झेंड्यांचा अर्थ काय?

जीवरक्षक असलेल्या अनेक किनाऱ्यांवर वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे असतात. त्यांच्यामधली जागा पोहणाऱ्यांची. तिथे गळ नाही आणि बोर्डही नाही. काळ्यापांढऱ्या चार चौकोनांचा झेंडा बोर्डांसाठी राखलेली पट्टी दाखवतो. गळ टाकायचा तर या दोन्हींच्या बाहेर, आणि वाहत येणाऱ्यांचा विचार करून आणखी थोडे पुढे. लागोपाठ दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरायला मनाई.

कोणी बुडताना दिसले तर?

इथे दोघांना एकमेकांची खरी गरज असते. गळवाला तासन्‌तास पाण्याकडेच बघत असतो, त्याला आधी दिसते. सर्फरकडे तरंगणारा बोर्ड असतो आणि तो आधीच पाण्यात असतो. ओरडा, हात उंच करून दिशा दाखवा, नजर हलवू नका, दुसऱ्याला मदत बोलवायला सांगा. कपड्यांनिशी उडी मारू नका. छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उभे राहायचे जलरोधक कपडे, घातले असतील तर मुळीच नाही, ते पाण्याने भरतात.

तुम्हीच रिप करंटमध्ये सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. तरंगत राहा, हात वर करा, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर, फेस दिसतो त्या बाजूला सरका. तिथे दांडा आहे आणि लाटा आत आणतात. रिप सेकंदाला दोन मीटरांहूनही जास्त वेगाने वाहिलेला मोजला गेला आहे, त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही जिंकत नाही.

तळाशी अडकून तुटलेला दोरा तसाच राहिला तर काय बिघडते?

बरेच. तंगूस समुद्रात वर्षानुवर्षे टिकतो, त्यात पक्षी आणि कासवे गुंततात आणि ओहोटीला तोच गळ अनवाणी सर्फरच्या पायात जातो. खडकाळ तळावर शिसे मुख्य दोऱ्यापेक्षा कमकुवत दोऱ्याने बांधा. अडकले तर फक्त शिसे जाते, गळ आणि दोरा परत येतो. शिसेही जाऊ नये हे उत्तमच, ते विषारी असते; हंस शिशाने मरतात म्हणून ब्रिटनमध्ये 28 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशांची विक्री 1987 सालीच बंद झाली. तुटलेला दोरा ओहोटीला जाऊन शोधा, छोटे तुकडे करून घरी न्या. आणि पाण्यातून बाहेर येणाऱ्या सर्फरच्या हातात तुमच्या दोऱ्याचा गुंता असेल, तर तो घ्यायला दोन पावले पुढे जा.